‘हक्क नव्हे, सवलत’: शाळेची इंटरनेट नियमावली वाचताना



गेल्या महिन्यात दोघांनी मला आपापला सिनॉप्सिस वाचायला पाठवला. दोन्हींचा विषय जवळपास एकच होता: ‘माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांच्या जबाबदार इंटरनेट वापराविषयीच्या जाणिवेचा अभ्यास’. एकात ‘संगणक व इंटरनेट’ होतं, दुसऱ्यात ‘शहरी व ग्रामीण’ अशी तुलना जोडली होती. बाकी तेच. दोघांनाही उत्तर लिहायला घेतलं आणि ते लांबतच गेलं, म्हणून इथे टाकते आहे. पेट झालेल्या आणि आता विषय शोधत बसलेल्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.

आधी कबुली देते. असाच सिनॉप्सिस मीही लिहिला होता. त्यातली चूक मला कुठल्या पुस्तकाने दाखवली नाही, आठवीतल्या एका मुलीने दाखवली.

झालं असं की प्रश्नावली तयार करायची होती. पाच पर्यायांची श्रेणी, पूर्णतः सहमत ते पूर्णतः असहमत. विधानं कुठून आणायची? सगळ्यात सोपी वाट म्हणजे शाळांची नियमावली. संगणक कक्ष आणि इंटरनेट वापरण्याचे नियम, प्रवेशाच्या वेळी पालक आणि विद्यार्थी दोघांची सही घेतात तो कागद. मी असे काही कागद गोळा केले आणि प्रत्येक नियमाचं ‘मी’ लावून विधान केलं. ‘पासवर्ड कोणालाही सांगू नये’ याचं झालं ‘मी माझा पासवर्ड कोणालाही सांगत नाही’. ‘परवानगीशिवाय कोणतेही संकेतस्थळ उघडू नये’ याचं झालं ‘मी परवानगीशिवाय कोणतेही संकेतस्थळ उघडत नाही’. तीन तज्ज्ञांना दाखवलं, तिघांनी मान डोलावली. आशय सप्रमाणता झाली! मी खूश.

पायलटसाठी एका शाळेत गेले. मागच्या बाकावरची एक मुलगी पेन थांबवून म्हणाली, “मॅडम, फोन पप्पांचा आहे. त्याचा पॅटर्न घरात सगळ्यांना माहितीये. मग मी इथे काय लिहू?” मी सगळे देतात तेच उत्तर दिलं, “तुला जे खरं वाटतं ते लिही.” तिने प्रामाणिकपणे ‘पूर्णतः असहमत’वर खूण केली. एक गुण. पेपर गोळा करताना ती सहज म्हणाली की शाळेच्या ॲपमधून ती रोज आठवणीने लॉग आउट करते, कारण नंतर फोन धाकट्या भावाकडे जातो आणि एकदा त्याने तिचा लिहिलेला गृहपाठ पुसून टाकला होता.

रात्री गुण भरताना ते डोक्यात राहिलं. एका सामायिक फोनवर आपलं काम वेगळं आणि सुरक्षित कसं ठेवायचं याचा विचार करणारी ती मुलगी. त्या वर्गात या बाबतीत इतकं डोकं चालवल्याचं मला तरी दुसऱ्या कुणाकडून ऐकायला मिळालं नव्हतं. आणि माझ्या साधनानुसार ती ‘निम्न जाणीव’ गटात. लॉग आउटबद्दल माझ्याकडे विधानच नव्हतं, कारण नियमावलीत ते नव्हतं. नियमावली लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर एक मूल आणि त्याचं एक यंत्र असंच चित्र होतं.

सरांना (माझे मार्गदर्शक) हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोनच प्रश्न विचारले. “ही विधानं आली कुठून?” मी म्हटलं, नियमावलीतून. “आणि नियमावली कुणी लिहिली, कशासाठी?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मला आज या विषयावरच्या सिनॉप्सिसबद्दल जी तक्रार आहे ती एवढीच. ही नियमावली आपण मोजपट्टी म्हणून वापरतो, पण ती स्वतः कधी वाचत नाही. नियमातून विधान, विधानातून गुण, गुणातून ‘जाणीव’. या साखळीत आपण मुलांचा आज्ञाधारकपणा मोजतो आणि प्रबंधात त्याला जबाबदारी म्हणतो. विश्वसनीयता गुणांकही चांगला येईल, त्याचं आश्चर्य नको. एकाच साच्यातून काढलेली विधानं एकमेकांशी जुळणारच. चुकीची गोष्ट सातत्याने मोजली तरी गुणांक चांगलाच येतो.

म्हणून आता तो कागद नीट वाचूया.

आपल्याकडे याचे दोन नमुने दिसतात आणि त्यांची घराणी वेगळी आहेत. पहिला नमुना म्हणजे संगणक कक्षाच्या दारावरचा रंगवलेला फलक. चपला बाहेर काढाव्यात. रांगेने आत यावे. यंत्रांना विनाकारण हात लावू नये. पेन ड्राइव्ह आणू नये. माझ्या शाळेतही असाच होता. तासाला आम्ही तिघीतिघी एका कीबोर्डसमोर बसायचो आणि माऊस ज्याच्या हातात तो राजा. केंद्र सरकारची ‘आयसीटी ॲट स्कूल’ योजना २००४ ची. यंत्रं थोडी, महाग, मुलं भरपूर, त्यामुळे फलक यंत्राची काळजी घेतो. मला हा फलक प्रामाणिक वाटतो. आपण कुणाला वाचवतोय हे तो लपवत नाही.

दुसरा नमुना सहीचा कागद. हा मोठ्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून खाली झिरपत आला आणि त्याची भाषा बघितली की ती अमेरिकी शाळांच्या कागदांसारखी वाटते. तिकडे या कागदाला पैशाची बाजू आहे. २००० साली अमेरिकेत मुलांच्या इंटरनेट संरक्षणाचा कायदा झाला, त्याला ‘सिपा’ म्हणतात. इंटरनेट जोडणीसाठी ‘ई-रेट’ नावाची सवलत ज्या शाळांना आणि ग्रंथालयांना हवी, त्यांनी अश्लील आणि मुलांना घातक मजकूर अडवणारी चाळणी बसवायची आणि इंटरनेट सुरक्षिततेचं लेखी धोरण करायचं, अशी त्यातली मुख्य अट. शाळांसाठी मुलांच्या ऑनलाइन वापरावर देखरेख ठेवण्याचंही कलम आहे. धोरण नसेल तर सवलत नाही. पुढे २०१२ पासून आणखी एक भर पडली: ऑनलाइन वागणूक आणि सायबर छळ याबद्दल मुलांना शिकवतो, असंही शाळेने लिहून द्यायचं.

या कायद्यात दोन गोष्टी अशा आहेत की इकडे येताना त्या गळून पडल्या. एक म्हणजे धोरण मंजूर करण्याआधी लोकांना सूचना देऊन किमान एक जाहीर बैठक घ्यावी लागते. दुसरी, मुलांच्या वापराचा माग ठेवण्याची सक्ती या कायद्याने केलेली नाही. आपल्याकडे जाहीर बैठक सोडाच, पालक सभेतही हा कागद वाचून दाखवलेला मी पाहिलेला नाही. प्रवेश अर्जाच्या गठ्ठ्यात शेवटून दुसरं पान, ‘इथे सही करा’ असं पेन्सिलीने फुली मारलेलं.

अमेरिकी कागदांतलं एक वाक्य तर ठरलेलं असतं आणि आपल्याकडेही ते दिसतं: इंटरनेटचा वापर हा हक्क नसून सवलत आहे. वाचायला साधं, शिस्तीचं वाटतं. पण त्याचं काम काय आहे ते बघा. हक्क काढून घ्यायचा तर कारण द्यावं लागतं, ऐकून घ्यावं लागतं. सवलत ही देणाऱ्याची मर्जी. त्यामुळे पुढचे सगळे नियम या एका वाक्यावर टेकून उभे राहतात. शिक्षा कोण ठरवणार, तक्रार कुणाकडे करायची, किती दिवसांची बंदी, यातलं काही लिहायची मग गरजच उरत नाही.

हे वाक्य आपल्याकडे न्यायालयात टिकतं का? थेट याच वाक्यावर नाही, पण जवळचा एक निकाल आहे आणि या विषयावर काम करणाऱ्या प्रत्येकाने तो मुळातून वाचावा: ‘फहीमा शिरीन विरुद्ध केरळ राज्य’, केरळ उच्च न्यायालय, सप्टेंबर २०१९. कोझिकोड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी ६ ते रात्री १० मोबाइल वापरायचा नाही असा नियम झाला. बीए इंग्रजीच्या एका विद्यार्थिनीने तो मानायला नकार दिला आणि तिला वसतिगृहातून काढलं. संस्थेचं म्हणणं, ही अभ्यासाची वेळ आहे. तिचं म्हणणं, माझा अभ्यासच फोनवर होतो. न्यायालयाने तिला परत घ्यायला सांगितलं आणि इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा आणि अनुच्छेद २१ खालच्या खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. इतरांना त्रास होऊ नये, हेही सांगितलं.

आता उत्साहात येऊन ‘न्यायालयाने विद्यार्थ्यांना इंटरनेटचा हक्क दिला’ असं सिनॉप्सिसमध्ये ठोकून देऊ नका. आरआरसीत कुणी कायद्याचा माणूस बसला असेल तर तो तिथेच धरेल. ती विद्यार्थिनी सज्ञान होती, जागा वसतिगृह होती, शाळा नव्हे. निकाल एका न्यायमूर्तींच्या पीठाचा आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या अनुराधा भसीन प्रकरणात इंटरनेटच्या माध्यमातून बोलण्याचं आणि व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य संरक्षित मानलं, पण इंटरनेट मिळणं हाच मूलभूत हक्क आहे की नाही यावर मत दिलं नाही. म्हणजे आपल्याला एवढंच म्हणता येतं की ‘हक्क नसून सवलत’ हे वाक्य आता गृहीत धरता येत नाही, त्याचं समर्थन करावं लागतं. संशोधनाच्या दृष्टीने एवढंही पुष्कळ आहे. नियमावली ज्याला पाया म्हणते तोच वादाचा मुद्दा निघाला, तर त्यावर उभं केलेलं तुमचं साधन तरी कसं टिकेल?

पुढे शब्द बघा. ‘आक्षेपार्ह मजकूर पाठवू नये’, ‘अयोग्य वर्तन करू नये’, ‘शाळेच्या प्रतिमेस बाधा येईल असे काही लिहू नये’. आक्षेप कुणाचा? अयोग्य कुणाच्या लेखी? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्येही असेच शब्द होते, अतिशय आक्षेपार्ह, त्रासदायक, गैरसोय करणारे. पालघरची २०१२ ची घटना आठवत असेल: फेसबुकवर मुंबई बंदबद्दल एक साधी टिप्पणी आणि तिला एक लाइक, एवढ्यावर दोन तरुणींना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल प्रकरणात हे कलम रद्द केलं. मुख्य कारणांपैकी एक हेच की शब्द इतके मोघम आहेत की काय केलं तर गुन्हा होतो हे माणसाला आधी कळूच शकत नाही. शाळेचा नियम म्हणजे फौजदारी कायदा नव्हे, मान्य. तुरुंगात कुणी टाकत नाही. पण सातवीतल्या मुलाला आपण काय केलं तर चुकेल हे कागदावरून कळायला हवं की नको? आणि आपण काय करतो, तर याच मोघम नियमाचं विधान करतो: ‘मी इंटरनेटवर अयोग्य मजकूर पाहत नाही’. यावर पूर्णतः सहमत म्हणणाऱ्या मुलाने नेमकं कशाला होकार दिला हे त्यालाही माहीत नाही आणि आपल्यालाही नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते याच्याही पुढचं. त्यासाठी एक छोटा व्यायाम करा. हातातल्या नियमावलीतलं प्रत्येक वाक्य घ्या आणि त्याचा कर्ता शोधा. ‘विद्यार्थ्याने’, ‘विद्यार्थ्याने’, ‘विद्यार्थी व पालकांनी’. मग ‘शाळा’ कर्ता असलेली वाक्यं शोधा. मी पाहिलेल्या कागदांत ती सापडली तेव्हा बहुतेक ‘शाळा कारवाई करेल’ आणि ‘शाळा जबाबदार राहणार नाही’ अशीच होती. शाळा अधिकार घेते आणि जबाबदारी नाकारते. कागदाचं शीर्षक मात्र ‘जबाबदार वापर’.

हा काही केवळ व्याकरणाचा खेळ नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाजवळच्या लोअर मेरियन शालेय जिल्ह्याने आपल्या दोन हायस्कुलांतल्या सुमारे २,३०० विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले. यंत्र चोरीला गेलं तर सापडावं म्हणून त्यात एक सोय होती. ती सुरू केली की लॅपटॉपचा कॅमेरा ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढायचा आणि स्क्रीनचीही प्रतिमा पाठवायचा. मुलांना आणि पालकांना याची कल्पना दिलेली नव्हती. २००९ मध्ये एका मुलाला त्याच्याच घरातला, त्याच्याच लॅपटॉपने काढलेला फोटो पुढे ठेवून जाब विचारण्यात आला आणि मग सगळं बाहेर आलं. चौकशीत पन्नास हजारांहून अधिक प्रतिमा निघाल्या. कामात नसलेली ती सोय बंद करायचंही राहून गेलं होतं. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये जिल्ह्याने ६ लाख १० हजार डॉलरवर तडजोड केली. विद्यार्थ्यांनी यंत्र कसं वापरावं हे तिथे ठरलेलं होतं. शाळेने तेच यंत्र दुरून कसं वापरावं याचे पुरेसे नियम नव्हते. कर्त्याच्या जागी शाळा असलेलं वाक्य कुणी लिहिलंच नव्हतं.

आपल्याकडे हे होणार नाही असं समजू नका. शाळेच्या ॲपमध्ये मुलांची हजेरी, फोटो, गुण, कधी कधी बसचं ठिकाणसुद्धा असतं. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे आणि मुलांचा माग काढणं, त्यांच्या वर्तनावर नजर ठेवणं याला मनाई आहे. २०२५ च्या नियमांत शाळांना यातून सूट दिली आहे, पण ती शैक्षणिक काम आणि मुलांची सुरक्षितता एवढ्यापुरतीच. मग ‘शाळा विद्यार्थ्याच्या सर्व ऑनलाइन हालचालींवर लक्ष ठेवू शकते’ असं सरसकट वाक्य नियमावलीत असेल, तर ते या चौकटीत बसतं का? हा प्रश्न पीएचडीचा आहे, आणि मला वाटतं ‘जाणिवेच्या पातळी’पेक्षा कितीतरी जिवंत आहे.

आता शिक्षकांची बाजू, नाहीतर माझ्यावर एकांगीपणाचा आरोप येईल आणि तो योग्यच असेल. वर्गात पस्तीस-चाळीस मुलं, एक शिक्षक, आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी एका मुलीचा बदललेला फोटो टाकलेला. अशा वेळी त्या शिक्षकाला बोट ठेवायला एखादा लेखी नियम लागतोच. छळ खरा असतो, फसवणूक खरी असते. नियमच नकोत असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं असं की त्याच शिक्षकाला ही नियमावली मदत करते का हेही तपासा. फोटो टाकणाऱ्यावर काय कारवाई करायची ते तिच्यात असतं. जिचा फोटो टाकला तिने कुणाकडे जायचं, तिचं नाव गुप्त कोण ठेवणार, तिच्या पालकांना कधी आणि कसं सांगायचं, हे मला क्वचितच सापडलं. आणि मोबाइल आणायलाच बंदी असलेल्या शाळेत तर ती मुलगी बोलायलाच घाबरते, कारण तक्रार केली की पहिला प्रश्न येणार, तुझ्याकडे फोन कुठून आला?

वेगळ्या पद्धतीने लिहिलेलं पाहायचं असेल तर केंद्राच्या शिक्षण खात्याची जुलै २०२० ची ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक तत्त्वं काढून बघा. ती ऑनलाइन वर्गांसाठी होती आणि त्यांत त्रुटी आहेत (पहिली ते आठवीला ३० ते ४५ मिनिटांचे दोनच तास, नववी ते बारावीला चार, हे किती शाळांनी पाळलं ते तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे). पण त्यांची सुरुवात वेगळ्या जागेवरून होते. कुठल्या घरात चांगल्या जोडणीसह संगणक किंवा स्मार्टफोन आहे, कुठे फक्त टीव्ही, कुठे साधा फोन किंवा रेडिओ, कुठे काहीच नाही, असा विचार तिथे आधी केला आहे. आणि शाळेने काय करायचं, शिक्षकांनी काय, पालकांनी काय, याला वेगवेगळी जागा दिली आहे. माझ्या त्या मुलीचं घर या कागदात निदान दिसतं तरी.

त्या दोघांना मी शेवटी जे लिहिलं ते असं. विषय सोडू नका, उलटा करा. जाणीव मोजण्याआधी नियमावली हाच दस्तऐवज म्हणून घ्या. पंधरा-वीस शाळांच्या नियमावल्या मिळवणं अवघड नाही, काही तर वेबसाइटवरच असतात. कर्ता, क्रियापद, शिक्षा, तक्रारीची जागा, यंत्र कुणाचं मानलंय, अशा नोंदी करा. मग मुलांशी बोला, पण विधानं घेऊन जाऊ नका, प्रसंग घेऊन जा. ‘फोन तुझ्या हातात किती वाजता येतो? तुझ्याआधी कुणाकडे असतो?’ इथून सुरुवात केलीत तर अर्ध्या तासात तुम्हाला इतकं मिळेल की पाच पर्यायांची श्रेणी थिटी पडेल. नंतर प्रश्नावली करायचीच असेल तर त्या बोलण्यातून करा. तज्ज्ञांची यादी करताना एखादा कायद्याचा आणि एखादी प्रत्यक्ष संगणक तास घेणारी शिक्षिका घ्या, तिन्ही माणसं बीएड कॉलेजातली नकोत.

दोघांपैकी एकाने विचारलं, “ताई, मग तुमच्या जुन्या प्रश्नावलीचं काय केलंत?” फाडली नाही, फाइलला आहे. पण तिच्यासोबतचं माझंच संमतिपत्र मध्यंतरी पुन्हा वाचलं, तोच कर्त्याचा व्यायाम लावून. ‘विद्यार्थी प्रामाणिक उत्तरे देईल.’ ‘विद्यार्थी सर्व विधाने पूर्ण करेल.’ ‘पालकांची हरकत नाही.’ खाली मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. संशोधिका कर्ता असलेलं एकही वाक्य नव्हतं. उत्तरपत्रिका कुठे राहणार, कोण पाहणार, कधी नष्ट करणार, मधेच नको वाटलं तर मूल उठून जाऊ शकतं का, काहीच नाही. नवीन संमतिपत्राचा मसुदा सरांकडे गेला आहे. त्यात माझ्या नावाने सुरू होणारी सात वाक्यं आहेत आणि सरांनी समासात लाल पेनने आठवं मागितलं आहे: निष्कर्ष त्या मुलांना परत कोण सांगणार?